खिशातली पिन

हेडफोनची पिन प्लेअरमध्ये खोचायची तर खाली वाकावं लागतं. खिडकीसाहेब त्या संध्याकाळी इतके दमले होते की त्यांना वाकायचाच कंटाळा आला. त्यांनी हेडफोन कानांवर चढवला, पिन शर्टाच्या खिशात टाकली आणि खुर्चीत मागे टेकले. झालं होतं ते एवढंच. त्यातून तीन वर्षांचं एक कारस्थान उभं राहील, आणि एका रविवारी सकाळी आई, बायको आणि एक परका माणूस यांच्या देखत त्याचं भांडं फुटेल, असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

खिडकीसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नाही. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींची एक खिडकी आहे. तिच्या आतल्या बाजूला ते एकवीस वर्षं बसतात, म्हणून ऑफिसातले लोक त्यांना तसं म्हणतात. खिडकीच्या बाहेर कोण असतं? ज्याच्या नळाला पाणी येत नाही तो असतो. ज्याच्या नळाला गढूळ येतं तो असतो. आणि ज्याच्या नळाला चांगलं पाणी येतं, पण शेजाऱ्याला याहून चांगलं येत असणार असा ज्याला दाट संशय आहे, तोही असतो. सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायचं आणि शेवटी "बघतो" म्हणायचं, हे साहेबांचं काम. (प्रत्यक्ष बघायचं काम दुसऱ्या विभागाकडे आहे.) संध्याकाळी लिफ्ट बंद म्हणून तीन जिने चढून ते घरी येत, तेव्हा पाय दुखत असतच, पण कानही दुखत.

त्यांना नाद एकच, जुन्या हेडफोनचा. असे चौदा हेडफोन त्यांनी भंगारवाल्यांकडून, बंद पडलेल्या दुकानांतून, कोणाकोणाच्या माळ्यावरून जमवले होते. एक टेलिफोन ऑपरेटरचा होता, एकाच कानाचा. एकाची वायर कापडात गुंडाळलेली होती. एकाची पट्टी काढताना दर वेळी थोडे केस घेऊन जायची. (साहेबांकडे आता देण्यासारखे फारसे उरले नव्हते.) आणि सगळ्यांत मोठा, काळा, जडशीळ, बशीएवढ्या चामडी गाद्यांचा एक, ज्याला ते कौतुकाने 'थोरले' म्हणत. थोरले त्याच आठवड्यात एका बंद पडलेल्या रेकॉर्डिंग स्टुडिओतून आले होते. ते कानांवर बसले की बाहेरचं जग बंद. घराला आग लागली तरी वासावरूनच कळावं.

तर त्या संध्याकाळी थोरले कानांवर, पिन खिशात, डोळे मिटलेले. पाच मिनिटांत कोणीतरी खांदा हलवला. समोर आई.

"अरे, नुसता बसलायस तर बाथरूमचा बल्ब तरी बदल."

साहेबांनी बल्ब बदलला. परत येऊन बसले आणि या वेळी कसं कोण जाणे, त्यांची मान आपोआप डुलू लागली. एक बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागलं. आई पुन्हा आली, त्यांच्याकडे बघितलं आणि पाऊल न वाजवता मागे फिरली. स्वयंपाकघरात जाऊन सुनेला म्हणाली, "राहू दे. ऐकतोय तो."

साहेबांना घराचा कायदाच उमगला. माणूस रिकामा दिसला की त्याला काम मिळतं, रंगात आलेला दिसला की चहा.

तेव्हापासून रोज साडेसहा ते साडेसात हा साहेबांच्या 'ऐकण्याचा' तास झाला. या तासाची राखण त्यांची बायको करायची, आणि काय करायची! तेवढ्या वेळात मिक्सर लागत नसे. आईच्या मालिकेचा आवाज इतका बारीक होई की पात्रांचे फक्त ओठ हलताना दिसत. बहिणीचा फोन आला तर ती बाल्कनीत उभी राहून, दार ओढून घेऊन बोले. बेल वाजवणाऱ्याला दारातूनच सांगे, "ते ऐकतायत. साडेसातनंतर या." हे सांगताना तिच्या आवाजात असा काही अभिमान असायचा की समोरचा माणूसही ओशाळून हळू बोलायला लागायचा.

साहेबांच्या मनाला हे खायचं. नाही असं नाही. एकदोनदा खरं सांगून टाकावं म्हणून त्यांनी तोंडही उघडलं. पण तेवढ्यात ती म्हणाली, "आज चांगलं होतं ना? चेहऱ्यावरून कळतं तुमच्या." मग ते म्हणाले, "अप्रतिम होतं." आणि ते खोटं नव्हतं. शांतता खरंच अप्रतिम होती.

साहेबांना पन्नास वर्षं पूर्ण झाली त्या रविवारी सकाळी बायकोने दार उघडून एका वयस्कर गृहस्थांना आत घेतलं. झुपकेदार मिशा, हातात पत्र्याची छोटी पेटी.

"ओळखा बघू कोण!" बायको म्हणाली. "हे रेडिओकाका. मिक्सर दुरुस्तीला टाकला होता ना, तिथे यांचं नाव कळलं. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेत त्यांनी, आणि त्यांच्याकडे सत्तर हेडफोन आहेत, सत्तर! म्हटलं, तुमच्या चौदांकडे एकदा जाणत्या माणसाने बघावं. तुमच्या वाढदिवसाची भेट हीच."

साहेबांना खरंच भरून आलं. तीन वर्षांत थोरल्यांची पिन आपण एकदाही कुठे लावून बघितलेली नाही, ही केवढी मोठी चूक आहे हे त्या क्षणीसुद्धा त्यांच्या लक्षात आलं नाही.

रेडिओकाकांनी आधी हात धुतले. टेबलावर पांढरी चादर मागून घेतली आणि चौदाही हेडफोन तिच्यावर ओळीने निजवले. एकेक उचलायचे, हातात तोलायचे, पट्टी ताणून तिची करकर ऐकायचे आणि मग गादीला नाक लावून वास घ्यायचे.

"हा वापरणारा डोक्याला भरपूर तेल लावायचा," ते म्हणाले. "गादी वाचली नाही. किंमत निम्मी." एकाच कानाचा उचलून म्हणाले, "हा मात्र कोणाला विकू नका. कोणी मागितला तर दाखवूसुद्धा नका."

बायकोची छाती फुगली. आईने खुर्ची पुढे ओढली. शेवटी थोरले आले. काकांनी ते दोन्ही हातांनी उचलले आणि उजेडात धरले.

"हा नग मी फक्त फोटोत बघितलाय," काका म्हणाले. "गाद्या मूळच्या! शिवणसुद्धा उसवलेली नाही. साहेब, काय आवाज असेल हो याचा?"

"रोज ऐकतात ते यावर," बायको म्हणाली. "एक तास. कधी चुकत नाहीत."

"मग ऐकूच या की!"

"नको, आत्ता कशाला," साहेब घाईघाईने म्हणाले. "तो जरा... तापायला वेळ लागतो त्याला."

रेडिओकाकांनी त्यांच्याकडे जरा नवलाने बघितलं. हेडफोन तापतो हे त्यांनी चाळीस वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांनी पेटीतून मीटर काढला आणि त्याच्या दोन वायरी थोरल्यांच्या पिनेला टेकवल्या. काटा जागचा हलला नाही. पिन पुसली, पुन्हा टेकवल्या. काटा आपला जिथे होता तिथेच.

"कॉइल गेलीय," काका म्हणाले. "दोन्ही बाजूंची."

"अगं बाई! कालच गेली असेल," बायको कळवळली.

"काल?" काकांनी एका बाजूची गादी अलगद उचलून आत डोकावलं. "वहिनी, आत गंज चढलाय. सहासात वर्षं तरी यातून आवाज निघालेला नाही."

आई म्हणाली, "असं कसं? काल तर हा डुलत होता."

"काल तर तुमच्या डोळ्यांत पाणी होतं," बायको साहेबांना म्हणाली. अजूनही ती रागावली नव्हती. तिला फक्त हिशोब लागत नव्हता.

रेडिओकाका जाणते होते. आपल्या हातून काय झालंय ते त्यांना कळलं आणि ते भराभर मीटर पेटीत भरू लागले. "काही लोकांना... मनातल्या मनात ऐकू येतं," ते पुटपुटले.

"कोणाच्या मनात?" आईने विचारलं.

आता तिघंही साहेबांकडे बघत होती. खिडकीत बसून इतकी वर्षं लोकांना "बघतो" म्हणून वाटेला लावणाऱ्या या माणसाला स्वतःसाठी एकही धड सबब सुचली नाही. "वाकायचा कंटाळा आला होता," ते म्हणाले.

काकांना पोचवायला साहेब खाली निघाले. (घरात थांबण्यापेक्षा तीन जिने परवडले.) दुसऱ्या मजल्यावर काका थांबले, वर बघितलं आणि हळूच म्हणाले, "पिन कुठे ठेवत होता?"

"खिशात."

काकांनी कपाळावर हात मारला. "खिशात काय ठेवता साहेब! एक लाकडी पेटी करायची, तिच्यात पिन लावायची, पेटीवर लाल दिवा. दिवा पेटलेला दिसला की माणसं काही विचारत नाहीत. माझ्या सत्तरांतले चार चालतात. कधीमधी ऐकतोही. पण रोजचा तास..." त्यांनी डोळे मिटले. "चौतीस वर्षं झाली. घरात कोणाला पत्ता नाही. तुम्हाला म्हणून सांगतोय."

साहेब वर आले तर त्यांच्या खुर्चीत बायको बसलेली. कानांवर थोरले. दहा मिनिटं ती तशीच बसली होती आणि साहेब सोफ्याला धरून उभे होते. मग तिने हेडफोन काढला.

"किती शांत आहे हो आत," ती म्हणाली.

"अगं, मी तुला सांगणारच..."

"तीन वर्षं! एकट्याने!" आता मात्र तिचा आवाज चढला. "मी मिक्सर लावला नाही. बहिणीशी बाल्कनीत कुडकुडत बोलले. दारात आलेल्या माणसांना परत पाठवलं. आणि तुम्ही काहीच ऐकत नव्हतात! सरळ सांगायचं होतंत ना, दमलोय म्हणून. मी दाराला कडी घातली असती."

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दमलोय असं नुसतं सांगता येतं, हे त्यांना तीन वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. चौदाही हेडफोन सुटकेसमध्ये गेले आणि सुटकेस कपाटावर गेली.

सोमवारपासून साडेसहाला मिक्सर सुरू झाला, मालिकेतली माणसं पुन्हा बोलू लागली आणि साहेब मोकळे झाले. मोकळा माणूस करणार काय? ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि त्यांनी दिवसभरातल्या एकोणीस तक्रारी बायकोला क्रमाने सांगितल्या. मंगळवारी मिक्सरचं भांडं किती भरावं ते सांगितलं. "आणि गॅस जरा बारीक कर." बुधवारी त्यांनी फडताळातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. बायकोला मीठ सापडायला गुरुवार उजाडला. शुक्रवारी ते आईशेजारी मालिका बघायला बसले.

"हा कोण?" त्यांनी विचारलं. "मग ती कोण? मग तिने त्याला आधीच का नाही सांगितलं? मी असतो तर लेखी मागितलं असतं."

आईने टीव्ही बंद केला आणि तोंडावर पांघरूण घेऊन झोपल्याचं सोंग घेतलं. तेव्हा जेमतेम सात वाजले होते.

आपण घरच्यांना किती वेळ देतोय, असं साहेबांना वाटत होतं. पण त्यांचे स्वतःचे कान मात्र पार विटले होते. ऑफिसात लोकांचं ऐकायचं, घरी येऊन ते पुन्हा सगळं स्वतःच्या तोंडून ऐकायचं. शनिवारी संध्याकाळी त्यांचा धीर सुटला आणि त्यांनी करू नये ते केलं.

"मी एकटाच तसा नाही," ते बायकोला म्हणाले. "तुझे ते रेडिओकाका! चौतीस वर्षं हेच करतायत. लाल दिवा लावून. त्यांच्या घरी अजून कोणाला माहीत नाही."

बायकोने हातातलं फडकं खाली ठेवलं. "चौतीस?" ती म्हणाली. "आणि त्या माउलीला पत्ताच नाही?" साहेब "अगं नको, अगं थांब" म्हणेपर्यंत तिने फोन लावलासुद्धा.

आपल्यामुळे एका म्हाताऱ्या माणसाचा संसार मोडणार या कल्पनेने त्यांना घाम फुटला. त्यांना फक्त इकडची बाजू ऐकू येत होती.

"काकू का? मी बोलतेय, गेल्या रविवारी काका आमच्याकडे आले होते... हो. एक सांगायचं होतं, वाईट वाटून घेऊ नका हं." मग तिने धीराने सगळं सांगितलं. मग ती गप्प झाली आणि बराच वेळ ऐकत राहिली. "अच्छा," ती म्हणाली. "हो का? ...रोज?" तिने वळून साहेबांकडे बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. "हो ना, आमच्याकडेही. गेला आठवडाभर. डबेसुद्धा!" आणि ती खळखळून हसली. आठवड्यात पहिल्यांदाच.

तिने फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" साहेबांनी घाबरत घाबरत विचारलं.

"त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत आहे. सत्तरांतले साठ त्यांनीच शोधून आणून दिलेत. तो लाल दिवा गेला की बदलतातही त्याच." बायको स्टूल ओढत म्हणाली. "म्हणाल्या, तेवढा एक तास ते बोलत नाहीत."

ती स्टुलावर चढली, सुटकेस खाली काढली, थोरल्यांच्या दोन्ही गाद्या मऊ फडक्याने पुसल्या. मग साहेबांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं आणि हेडफोन स्वतःच्या हातांनी त्यांच्या डोक्यावर चढवला, कान नीट आत जातील असा.

"बसला का तो?" आईने बाहेरून विचारलं.

"बसले."

"मग दार ओढून घे हो."

बायको दारापर्यंत गेली, काहीतरी आठवून परत आली आणि तिने एका कानाची गादी जराशी उचलली.

"उद्यापासून सहालाच बसत जा," ती प्रेमाने म्हणाली. "आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीही."