दिवा दिसला का?

आमच्या शेजारच्या हर्डीकर काकांकडून निघालेल्या माणसाला आपल्या घरी पोचल्यावर त्यांना फोन करावा लागतो. बोलायचं काही नसतं. फोन दोनदा वाजू द्यायचा आणि कापायचा. मग पुन्हा लावायचा, एकदा वाजला की कापायचा. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नच्या मराठी मंडळींत याला 'दोन-एक देणं' म्हणतात. पॉटलकचं एकत्र जेवण संपवून रिकामी पातेली गाडीत ठेवताना लोक एकमेकांना आठवण करतात, "यार, काकांना दोन-एक दे हं, नाहीतर ते पोलिसांना कॉल करतील." म्हणतात गमतीत, पण काकांनी एकदा खरोखरच केला होता. कुलकर्णी नवरा-बायको वाटेत दूध घ्यायला थांबले आणि दुकानात कोणी ओळखीचं भेटलं म्हणून तासभर रमले. दुधाचा कॅन हातात घेऊन घरी पोचतात तो दारात पोलीस.

मी काकांपासून वीस पावलांवर राहते. मलाही सूट नाही.

काका म्हणजे श्रीपाद हर्डीकर. वय ब्याऐंशी, अंगाने काटकुळे, उन्हाळ्यातही अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. तरुणपणी ते पुण्याहून इंग्लंडला गेले आणि यॉर्कशरमधल्या एका आडबाजूच्या सिग्नल केबिनमध्ये वीसेक वर्षं मालगाड्या सोडत बसले. पुढे मुलगा समीर अमेरिकेत आला, त्याच्यामागून काका-काकू आले. मग समीर नोकरीसाठी दूर चँडलरला गेला, काकू वारल्या आणि काका इथे एकटे राहिले. "गाडी चालवता येतेय तोवर मी इथेच," अशी त्यांची मुलाशी बोली झालेली आहे. ही अट साधी नाही. आमच्याकडे गाडी नसेल तर माणसाला कोथिंबिरीची जुडीसुद्धा मिळत नाही.

दोन-एकचा उगम त्या केबिनमधला. समोरून मालगाडी गेली की शेवटच्या डब्यावरचा, म्हणजे गार्डच्या डब्यावरचा लाल दिवा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा. दिवा दिसला म्हणजे गाडी सगळी आली, वाटेत एकही डबा सुटून राहिला नाही. त्यानंतरच मागच्या केबिनला घंटीचे दोन टोले आणि जरा थांबून एक टोला द्यायचा. लाइन मोकळी आहे, पुढची गाडी सोडा, असा त्याचा अर्थ. "इंजिन काय, कुणालाही दिसतं," काका म्हणतात, "गाडी पोचली का ते शेपटीला विचारायचं." म्हणूनच पाहुण्यांची गाडी निघाली की ते दारात उभे राहतात, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत हात हलवतात आणि शेजारी जो असेल त्याला विचारतात, "दिवा दिसला का?"

त्यांच्यासमोर एक शब्द चालत नाही. तो म्हणजे 'असेल'. मी एकदा फोनवर नवऱ्याला म्हणत होते, "कुकर झाला असेल, बंद कर." काका तिथेच होते. "असेल नाही. झाला आहे म्हण, नाहीतर झाला नाही म्हण. माहीत नसेल तर जाऊन बघ." तेव्हापासून मी त्यांच्या घरात मराठी फार जपून बोलते. आपण दिवसातून किती वेळा हा शब्द वापरतो ते हर्डीकरांकडे चहाला गेल्याशिवाय कळत नाही.

आता त्यांच्या फोटोंविषयी. आगगाड्यांचे फोटो काढणारे लोक इंजिनाचे फोटो काढतात. धूर, भोंगा, समोरून अंगावर येणारी गाडी. काकांकडे आठ खोकी स्लाइड्स आहेत आणि त्या सगळ्या शेपटीच्या आहेत. कोळशाच्या गाडीची शेपटी, सिमेंटच्या गाडीची शेपटी, पावसातली शेपटी, बर्फातली शेपटी. पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला वाटलं, यांना कॅमेरा काढायला दर वेळी उशीर होत असावा. शेवटी विचारलं, तेव्हा त्यांनी एका सकाळची गोष्ट सांगितली. दाट धुकं होतं. कोळशाची गाडी खडखडत समोरून गेली. काका चहा ओतत होते. मागे वळेपर्यंत आवाज पुढे निघून गेला होता. रोजची गाडी, रोजचा गार्ड. दिवा असेलच, असं धरून त्यांनी दोन-एक दिली. साखळी तुटून गाडीचे मागचे डबे दोन मैल मागे रुळावर उभे होते, आणि मागून दुसरी गाडी सुटली.

"मग?" मी विचारलं.

"गार्ड हातातला कंदील घेऊन उलटा पळत गेला. म्हणून ती थांबली."

"तुम्हाला शिक्षा?"

"दोन ओळींची ताकीद. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं." दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी कॅमेरा घेतला. पुढे जितक्या गाड्या गेल्या त्यातल्या जमतील तितक्यांच्या दिव्याचा पुरावा ठेवला. कुणी मागितला नव्हता.

हे ऐकून मला वाईट वाटलं, पण रागही आला. कारण घरात काकूंचा फोटो एकच आणि तोही पासपोर्टसाठी काढलेला, मोठा करून घेतलेला. गार्डचे डबे खोकी भरून आणि बायको एका चौकटीत, तीही सरकारी कामासाठी. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. नवऱ्याला पुष्कळदा दाखवलं.

काकांच्या बोलण्यातली आणखी एक भानगड मला फार महाग पडली. मी मालवणची. ओळख नवी असताना काका एकदा उसासा टाकून म्हणाले, "यॉर्कशरला असताना आठवड्यातून तीनदा तरी शार्क बघायला मिळायचा. मंगळवारी डॉगफिश." मला भरून आलं. कोरियन दुकानातून गोठवलेली मोरी, म्हणजे आमच्याकडचा शार्क, आणली, कांदा-खोबऱ्याचं वाटण घालून झणझणीत रस्सा केला आणि काकांना जेवायला बोलावलं. काका ताटाकडे बराच वेळ बघत राहिले. लसूणसुद्धा न खाणारा माणूस तो. तिकडे खडी वाहणाऱ्या डब्यांना माशांची नावं होती आणि खडीच्या गाडीला शेवटी लागणाऱ्या गार्डच्या डब्याला शार्क म्हणत, हे त्यांनी दहीभात खाता खाता समजावून सांगितलं. जाताना म्हणाले, "पण वास सुंदर होता हो."

आमच्या घरामागे एक लांबलचक पायवाट आहे. पूर्वी तिथे रूळ होते, आता लोक सायकली चालवतात. काका रोज दुपारी तिथल्या बाकावर बसून सायकलींचे घोळके सोडतात. सगळ्यात मागच्या सायकलीला लाल दिवा आहे की नाही, एवढंच बघतात. गेल्या वसंतात त्यांनी एका गोऱ्या माणसाला थांबवून ऐकवलं, "सर, यू हॅव नो टेल लॅम्प." तो बिचारा आधी काकांकडे बघत राहिला आणि मग आपल्या सीटखाली लुकलुकणाऱ्या दिव्याकडे. मी ही गोष्ट चार घरी हसत हसत सांगितली.

त्याच सुमारास आमची टपालपेटी वाकडी झाली. कुणीतरी गाडी मागे घेताना ठोकली होती. काकांच्या गाडीच्या मागच्या कोपऱ्याला आमच्या पेटीचा हिरवा रंग लागलेला मी पाहिला होता. पण मी म्हटलं, दुसरीकडे कुठे तरी लागला असेल. काका मला एकदा दारातून, त्यांच्या पलीकडच्या शेजारणीच्या नावाने, 'मिसेस पटेल' म्हणून हाक मारून गेले. उन्हात दिसलं नसेल. समीरने फोन केला, "तन्वी, बाबांचं ड्रायव्हिंग ओके आहे ना? त्यांना विचारलं तर ते टॉपिकच चेंज करतात. लायसन्स रिन्यू करायचं लेटर आलंय, आय टेस्ट आहे." मी म्हटलं, "ठीकच असेल रे. रोज तर ग्रोसरीला जातात." पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ऑफिसातून येताना मी आधी त्यांची गाडी जागेवर आहे का ते बघायला लागले. नसली तर खिडकीशी जाऊन उभी राहायची. आली की चहा टाकायची. एकदा त्यांची गाडी आमच्या कोपऱ्यावरच्या पोरांच्या बास्केटबॉलच्या खांबाला चाटून गेली, आणि मी खिडकीत कप धरून नुसती उभी राहिले.

गेल्या महिन्यात मंडळाने ज्येष्ठांच्या कट्ट्यावर काकांना स्लाइड्स दाखवायला बोलावलं. काकांची झोप उडाली. लोक कंटाळतील का, बल्ब जाईल का, कुणी मध्येच प्रश्न विचारला तर काय. रविवारी दुपारी त्यांनी मला रंगीत तालमीला बोलावलं. पडदे ओढून, भिंतीवर पांढरी चादर लावून बसलो. स्लाइड्स मी भरत होते. भरताना दहा-बारा माझ्या हातून जमिनीवर पडल्या. 'जपून हं' असं काकांनी आधी दहादा बजावलेलं, त्यामुळे मी आवाज न करता उचलल्या आणि बसतील तशा बसवल्या.

काका खुर्चीत ताठ बसले आणि माहिती सांगू लागले. सुरुवातीच्या सगळ्या बरोबर. मग चादरीवर कोळशाची गाडी आली आणि काका सिमेंटच्या गाडीविषयी बोलत राहिले. माझीच चूक, क्रम बदलला असेल, मी मनात म्हटलं. पुढची बर्फातली होती. काका म्हणाले, "ऊन बघ कसं पडलंय."  तरी मी बटण दाबलं.

चादरीवर काकू आल्या.

पासपोर्टच्या फोटोतल्याच, पण तिशीतल्या. केबिनच्या लाकडी पायरीवर उभ्या, वाऱ्याने पदर उडालेला, खांद्यावर लालभडक शाल. फोटो काढणाऱ्यावर रागावल्यासारखं करत हसत होत्या.

"हा माझा शार्क," काका म्हणाले. "दुपारची खडीची गाडी. गार्ड बघ, कठड्याला टेकून चहा पितोय. आणि दिवा बघ. इतका स्वच्छ दिवा मी पुन्हा कधी टिपला नाही." त्यांनी बोट दाखवलं ते बरोबर शालीवर. मग नेहमीप्रमाणे माझ्याकडे वळून विचारलं, "दिवा दिसतोय ना?"

'हो' म्हणणं सोपं होतं. समीरलाही मी असंच सोपं उत्तर दिलं होतं. ओठावर आलेला शब्द 'असेल' हाच होता. तो गिळून मी म्हटलं, "नाही काका. दिवा नाहीये. गाडीच नाहीये. काकू आहेत."

प्रोजेक्टरचा पंखा घुरघुरत होता. काकांनी मान तिरकी करून कडेने बघायचा प्रयत्न केला.

"लाल शाल?"

"हो. पायरीवर उभ्या आहेत. हातात डबा आहे."

"रोलमध्ये एक फ्रेम उरली होती," ते म्हणाले. "ती डबा घेऊन यायची ना. वाया नको जायला म्हणून काढला. मला वाटलं होतं, तो कुठे हरवला." मग जरा हसले. "डबा आहे ना हातात? म्हणजे मी अगदीच चुकलो नाही."

मी त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले. "कधीपासून दिसत नाहीये?"

"मधलं जातंय. कडेकडेचं दिसतं. दिवाळीपासून."

"आणि गाडी कशी चालवता?"

"रस्ता पाठ आहे गं. हळू जातो. समोर कोणी नसेल असं धरून—"

ते तिथेच थांबले. स्वतःच्या तोंडचा शब्द त्यांनी स्वतःच ऐकला. त्या अर्ध्या उजेडात त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, धुक्यातली ती सकाळ त्यांच्यासमोर पुन्हा उभी आहे. मला रडू आलं आणि स्वतःची लाजही वाटली, कारण हिरवा रंग मी पाहिला होता आणि खांबाचं तर प्रत्यक्ष बघितलं होतं. काका खिशात चाचपडत राहिले, मग किल्ली काढून माझ्या हातात ठेवली आणि माझी मूठ बंद केली.

"समीरला मी संध्याकाळी सांगतो. तू सांगू नकोस, मला सांगू दे," ते म्हणाले. "आणि ही स्लाइड एवढ्यात बदलू नकोस."

आम्ही ती तशीच ठेवून बसलो. काका मला विचारत होते आणि मी सांगत होते. पायरीला रंग कुठला आहे, बांगड्या दिसतात का, ती नक्की हसतेय का. मी एकदाही 'असेल' म्हटलं नाही. जे दिसलं नाही ते दिसत नाही म्हटलं. शेवटी बल्ब तापला तेव्हा त्यांनीच बंद करायला सांगितलं.

निघाले तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. काका नेहमीसारखे दारापर्यंत आले. मी वीस पावलं चालून माझ्या दाराशी पोचले आणि वळून पाहिलं. काका हात हलवत होते. मी गेले होते डावीकडे आणि ते उजवीकडे बघत होते, पटेलांच्या रिकाम्या अंगणाकडे. हात थांबत नव्हता.

किल्ली मुठीतच होती. मी दुसऱ्या हाताने फोन लावला. दोनदा वाजू दिला, कापला. मग एकदा.

काकांचा हात खाली आला आणि ते आत गेले.