किसनरावांची दुर्बीण

किसनरावांनी आपल्या बारा बोरच्या बंदुकीसाठी दुर्बीण पसंत करायला अख्खं वर्ष लावलं. मुलीला स्थळ पाहतानाही आमच्या मेडशी गावात कुणी एवढा वेळ घेतला नसेल.

ही गोष्ट बांगलादेशच्या लढाईच्या आदल्या सालची. तेव्हा वाशीम जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोल्यातच मोडत होतो. मी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो आणि किसनरावांच्या शेजारी भाड्यानं राहत होतो. गाव मला डॉक्टर म्हणायचं. मीही कधी नाही म्हटलं नाही.

पीक राखायच्या परवान्यावरची ती दुनळी त्यांच्या वडिलांची. हिवाळ्यात हरणांचे कळप हरभऱ्यात उतरायचे हे खरं, पण किसनरावांनी हरीण मारलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कळप आला की ते रिकामा डबा बडवायचे. तरीही एक दिवस त्यांनी जाहीर केलं, "औंदा हरनाची शिकार करा लागते. बंदुकीले दुर्बीन पायजे."

"मग घेऊन टाका एखादी," मी म्हणालो.

"एखादी कशी? बारकाई पायजे, डॉक्टर."

हा त्यांचा शब्द. बाजारात वांगं घेतानाही ते देठापासून खालपर्यंत फिरवून पाहत आणि माळणीला ऐकवत, "बारकाई पायजे." एसटीत चढण्याआधी ड्रायव्हरचं तोंड निरखत. एकदा तर ड्रायव्हर पसंत पडला नाही म्हणून आम्ही पुढच्या गाडीनं गेलो.

मंगरूळपीरच्या एका निवृत्त हवालदारानं त्यांना पहिली दुर्बीण दाखवली. समोरचा लिंब दिसला, पण त्याची पानं वेगवेगळी दिसली नाहीत. नापसंत. मग अकोल्याच्या बंदुकीच्या दुकानात खेपा सुरू झाल्या. सोबतीला मी.

दुकानदार मोठा सभ्य माणूस. त्यानं समजावलं, "काका, ही छर्ऱ्याची बंदूक. हरणासाठी एकगोळी काडतूस घातलं तरी पल्ला जवळचाच. हिला दुर्बीण लावून उपयोग नाही."

"मले दोन वावरं पलीकडचं दिसलं पायजे."

"दिसेल, पण गोळी तिथवर जाणार नाही ना!"

"न जाओ."

दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

किसनरावांनी मला रस्त्याच्या पार टोकाला उभं केलं आणि दुकानाच्या दारातून हातवारे करून फर्मानं सोडली. हसा. आता रुसा. मी भर बाजारात हसलो, रुसलो. येणारेजाणारे थांबून पाहू लागले. परत आलो तेव्हा ते दुकानदाराला सांगत होते, "हसते का रुसते, हे हिच्यातून समजत नाई. दुसरी काढा."

"हरीण हसतं का हो, काका?"

"तुमी दुसरी काढा."

शेवटी एक जाडजूड जुनी विलायती दुर्बीण पसंत पडली. ती बंदुकीवर बसेना, म्हणून लोहाराकडून पट्टी मारून, डाग देऊन कायमची जोडून घेतली. चाचणीचा बार काढला तेव्हा धक्क्यानं दुर्बीणच भुवईवर आदळली. पंधरवडाभर एक डोळा काळानिळा. त्यानंतर त्यांनी बंदुकीत काडतूस घातलं नाही. पण रोज संध्याकाळी बंदूक घेऊन मळ्यातल्या माचीवर चढायचे आणि अंधार पडला की खाली उतरायचे.

महिन्याभरात पोलीस पाटील दारात आले. किसनरावांचा धाकटा भाऊ नामदेव याची तक्रार होती. दोघांची वावरं नाल्याच्या अल्याडपल्याड. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दहा वर्षं बोलणं बंद. गेल्या सालच्या उन्हाळ्यात नामदेवची बायको शांता वारली, तेव्हाही किसनराव मसणात लांब उभे राहून परतले होते. बायको गेल्यापासून नामदेव मळ्यातल्या झोपडीतच राहायचा. किसनरावांना बंदुकीसह आणि मला साक्षीला घेऊन पाटील तिथंच गेले.

नामदेव किसनरावांकडे बोट करून म्हणाला, "रोज संध्याकायी हा माह्यावर नेम धरते, पाटील! मी अंगनात बसलो का याची बंदूक वर!"

पाटलांनी बंदूक मधून उघडून नळ्यांत पाहिलं. काडतूस नव्हतं. एका नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं.

"नेम नाई धरला," किसनराव म्हणाले. "पाहून राह्यलो होतो."

"काय?"

"हा जेवते का नाई ते. शांता गेल्यापासून याची चूल संध्याकायी पेटतच नाई. शेंगा खाते, पानी पेते आन् लवंडते."

मग पाटील म्हणाले, "अहो, मंग नुसती दुर्बीन धरा ना हातात! बंदूक काहून रोखता?"

"लोहारानं डाग देला. निंघत नाई."

मला हसू आलं, पण नामदेवचं तोंड पाहून मी ते गिळलं. तो खाली बघत होता. मान वर न करताच त्यानं विचारलं, "तिच्यातून कसा दिसतो मी?"

"लय रोडावला तू, नामा."

नामदेव उठला. आत जाऊन त्यानं चुलीतली थंड राख उगाच उकरली. काटक्या मोडता मोडता, आमच्याकडे पाठ ठेवूनच तो म्हणाला, "दादा, मले भाकर थापता येत नाई."

किसनरावांनी बंदूक पाटलांच्या हातात दिली, धोतर वर खोचलं आणि वाकून झोपडीत शिरले.

"परात कुठी हाये?" आतून आवाज आला.