चौतीस टक्के गल्ली

खरी गल्ली चित्रपटातल्या गल्लीसारखी दिसत नाही, अशी लेखी तक्रार आल्यावर गल्ली दुरुस्त करण्यावाचून शासनापुढे पर्याय उरला नाही. चित्रपट दुरुस्त करता येत नव्हता. तो सगळ्यांना आवडला होता. गल्ली कुणाला आवडली होती, असा कागद फायलीत सापडला नाही.

चित्रपट ॲनिमेशनचा, पण थोरामोठ्यांनाही वेड लावणारा. चढावरच्या एका गल्लीत एक म्हातारी शिंपीण राहते. वाऱ्याने फाटलेले ढग संध्याकाळी तिच्या दारात येऊन बसतात. ती त्यांना तुरपाई घालते, पाठीवरून हात फिरवते आणि आभाळात सोडून देते. एवढीच गोष्ट. पण ती पाहून भलेभले लोक डोळे पुसत बाहेर पडायचे. पुढे चित्रकाराने एका मुलाखतीत ही गल्ली आपल्या डोळ्यांपुढे होती असं सांगून टाकलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात या गल्लीतल्या खऱ्या शिंपीणबाईंच्या दुकानातला उजेड गेला.

खरोखरच गेला. दुकान म्हणजे एक खोली, खोलीला एक दार, दाराशी मशीन. खिडकी नाही. सुईत दोरा ओवायचा तो दारातून येणाऱ्या उन्हाच्या भरवशावर, आणि त्या दारात आता सकाळपासून बघ्यांची भिंत उभी. शिंपीणबाई म्हाताऱ्या नव्हत्या, शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. ढगांशी त्यांचा संबंध नव्हता. कुणाची पँट कमरेला सैल कर, कुणाची पायाला आखूड कर, कुणाची चेन बदल, यात त्यांचं आयुष्य उसवत आणि शिवत चाललं होतं. तीन दिवसांत त्यांनी एका गृहस्थांच्या पँटीचे दोन्ही पाय दोन वेगवेगळ्या मापांचे करून ठेवले. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

काज-बटणं करायला त्यांची नणंद शेजारी बसायची. तिने चित्रपट अकरा वेळा पाहिला होता.

"वहिनी, ती म्हातारी तुमच्यापेक्षा गोड आहे हो," ती म्हणाली.

"तिला नणंद नाहीये," वहिनींनी दाताने दोरा तोडला.

तक्रारीची शहानिशा करायला साम्य निरीक्षक आले. गृहस्थ नम्र होते; चपला बाहेर काढून आत आले. त्यांनी टेप लावली, चित्रपटातली चित्रं एकेक करून भिंतीशी धरली आणि प्रत्येक वेळी घरात कुणी आजारी असल्यासारखी मान हलवली. चित्रपटात दार डावीकडे, इथे उजवीकडे. तिथे गल्ली चढताना उजवीकडे वळते, इथली डावीकडे. दिव्याचा खांब भलत्याच बाजूला. चित्रपटातल्या पाटीवर एक प्राचीन, अगम्य लिपी. तिचा अभ्यास करणारं मंडळही निघालं होतं. इथे दारासमोरच्या भिंतीवरच्या पाटीवर 'कपडे दुरुस्त करून मिळतील' असं लिहिलेलं, ज्यातून कसलंच गूढ निघत नव्हतं. शिंपीणबाईंचं वय कमी भरलं. एकूण साम्य चौतीस टक्के.

"मूळ ठिकाणाला किमान पंचाहत्तर लागतात," निरीक्षक हळहळले. "नाहीतर मूळ ठिकाण म्हणून राहता येत नाही."

"मग राहायलाच नको."

असं नको म्हणण्यासाठी विहित नमुना उपलब्ध नसल्याची नोंद त्यांनी तिथल्या तिथे केली.

कामं सुरू झाली. आधी खांब हलला, मग टपालपेटी हलली. पोस्टमन मात्र पूर्वीच्याच जागी थांबून भिंतीकडे बघत राहायचा. मग दाराचा नंबर लागला. उजवीकडचं विटांनी बुजवलं, डावीकडे नवं फोडलं. शिंपीणबाईंनी मशीन ओढत नव्या दाराशी नेली, तेव्हा चित्रपटात मशीनच नाही हे ध्यानात आलं. म्हातारी हाताने शिवते. सबब दर्शनाच्या वेळेत मशीनवर चादर टाकावी, पँट नजरेस पडू नये, आणि मापाच्या गिऱ्हाइकांनी सकाळी सात ते आठ या वेळात उरकून घ्यावं, असा आदेश निघाला. हँगरवर कापसाचे ढग टांगले गेले. एक ढग कायम मांडीवर असावा, असं वेगळ्या परिपत्रकाने कळवण्यात आलं. शिंपीणबाई ढगाखाली लपवून पँटी शिवू लागल्या, चोरून खाणाऱ्यासारख्या.

राहिलं गल्लीचं वळण. ते उजवीकडे न्यायचं तर सहा स्वयंपाकघरांतून न्यावं लागत होतं. सहाही घरांनी आनंदाने संमती दिली. एका घराने फक्त फोटोत ओटा दिसेल ना, एवढंच विचारून घेतलं.

ज्या दुपारी ओट्यांवर चुन्याच्या रेघा पडल्या, त्या दुपारी नणंद नवा टी-शर्ट घालून आली. छातीवर चित्रपटातली ती प्राचीन लिपी. गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या उभ्या आरशापुढे ती वळून वळून बघत होती. शिंपीणबाईंनी सहज मान वर केली आणि त्यांच्या मांडीवरचा ढग खाली पडला. आरशात नणंदेच्या छातीवर स्वच्छ अक्षरांत लिहिलं होतं: कपडे दुरुस्त करून मिळतील.

मग त्यांना आठवलं. काही वर्षांपूर्वी एक हडकुळा माणूस कोटाचं अस्तर फाटलं म्हणून आला होता. तीन तास स्टुलावर बसला, दाराकडे पाठ, आरशाकडे तोंड, मांडीवर वही. सगळे बघतात तसा हाही स्वतःलाच बघतोय, असं वाटून त्यांनी लक्ष दिलं नव्हतं. तो आरशातली गल्ली काढत होता.

निरीक्षकांना बोलावून त्यांनी त्याच स्टुलावर बसवलं. ते बराच वेळ आरशात पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. चूक सापडल्याचा आनंद कचेरीत क्वचितच वाट्याला येतो. केलेलं सगळं त्यांनी उलट करायला लावलं. खांब परतला, टपालपेटी परतली, पोस्टमनचा जीव भांड्यात पडला. जुनं दार उघडलं, ओटे वाचले. आरशातून माप घेतलं, साम्य अठ्ठ्याण्णव टक्के भरलं. उरलेले दोन शिंपीणबाईंच्या वयाचे.

"म्हणजे आता मी पँटी शिवायला मोकळी?"

"अगदी मोकळ्या," निरीक्षक म्हणाले. "कारण मूळ ठिकाण ही गल्ली नव्हतीच. मूळ ठिकाण हा आरसा आहे."

आरसा गादीत गुंडाळून वाजतगाजत नेला. त्याच्यासाठी मोठं दालन बांधलं. तिथे त्याच्यात तिकिटाची खिडकी दिसू लागली, म्हणून समोर गल्ली उभारली: प्लायवूडची, पण शंभर टक्के. तीत बसायला शिंपीण हवी होती. नणंदेने अर्ज केला आणि पांढऱ्या टोपासह तिची निवड झाली.

"तुमची आठवण येईल हो वहिनी," ती निघताना म्हणाली. "पण तिथे कुणी वहिनी नाहीये, हेही खरंच."

दोघी हसल्या, आणि मग दोघींनीही थोडा वेळ काही शिवलं नाही.

चित्रपटाशी या जागेचा काहीही संबंध नाही, अशी सरकारी पाटी गल्लीच्या तोंडाशी लागली. ऊन दारातून आत आलं, मशीनच्या पायाशी मांजरासारखं पसरलं. गिऱ्हाइकं परतली. आरसा नसल्याने कपडा कसा बसलाय हे आता शिंपीणबाईंनाच विचारावं लागे. त्या खांद्याला चिमूट घेत, पाठीवरून हात फिरवत आणि "बसलाय" म्हणत. माणूस आरशाच्या दुप्पट विश्वासाने घरी जाई.

तेवढ्यात ही गोष्ट तुमच्या वाचनात आली.

शोधत शोधत तुम्ही पोचलातच. आधी प्लायवूडच्या गल्लीत जाऊन आलात, ती गोष्टीतल्यासारखी वाटली नाही म्हणून थेट इथे. बाईंनी मान वर करून विचारलं, काही शिवायचंय का. तुम्ही म्हणालात, नाही, नुसतं बघायला आलो. तुमच्या शर्टाचं दुसरं बटण एका धाग्यावर लोंबकळतंय, हे त्यांना तेवढ्यात दिसलंही होतं. बसा, लावून देते, असं त्या म्हणाल्यासुद्धा. राहू दे, असं म्हणून तुम्ही फोटोसाठी एक पाऊल पुढे सरकलात आणि मनाशी ताडून पाहू लागलात: वाचताना या जरा उंच वाटल्या होत्या.

बाईंच्या एका हातात सुई होती, दुसऱ्यात दोरा. त्या सुईचं भोक चाचपडत राहिल्या. तुम्ही दारात उभे होतात.