गुपचूप एकी

पास्टर अश्विन साळवे पनवेलचं तीन दिवसांचं शिबिर आटोपून बिरवाडीला परतले, तेव्हा त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. मंडळीचे पुढारी एकदिलाने चालले पाहिजेत. त्यांच्या मंडळीत पुढारी तिघं होते आणि तिघांत मिळून एकही दिल नव्हतं.

बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीवरच्या हॉलमध्ये दर रविवारी बत्तीस कुटुंबं उपासनेला जमत. हॉलची किल्ली कारखान्यातून निवृत्त झालेल्या धोंडूकाकांकडे होती. गाणी आणि बाजाची पेटी शाळेत शिकवणाऱ्या नीलाबाईंकडे, तर बायकांची प्रार्थनासभा काशीबाईंकडे. गेल्या नाताळात पडदा लाल लावायचा की निळा यावरून तिघांत जुंपली. हॉलला अजूनही पडदा नव्हता. आता तर काशीबाई उघडच म्हणू लागल्या होत्या, "माज्या पडवीत पन पंधरा घरां बसतील." मंडळी फुटायला एवढं वाक्य पुरतं.

'एकमेकांची ओझी वाहा' असं शिबिरात शिकवलं होतं. पास्टरांनी त्यात स्वतःची भर घातली. त्यांनी तिघांना वेगवेगळ्या वेळी चहाला बोलावलं.

"काका, या आठवड्यात नीलाबाईंचं एखादं काम हलकं करा. पण कुणाला सांगू नका. उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, असं प्रभूने सांगितलंय."

"मंजी बायकोला पन नाय?"

"काकूंनाही नाही."

नीलाबाईंना त्यांनी काशीबाईंचं ओझं वाहायला सांगितलं आणि काशीबाईंना धोंडूकाकांचं. पास्टरांचा विश्वास फक्त आपल्यावर आहे, या समजुतीने तिघंही छाती फुगवून घरी गेले.

पेटीच्या दोन पट्ट्या वर्षभर अडकत होत्या. मंगळवारी धोंडूकाकांनी ती चादरीत गुंडाळली आणि रिक्षाने महाडला तळ्यामागच्या आळीतल्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. तो म्हणाला, शनिवारी मिळेल.

बुधवारी गाण्याचा सराव होता. काकांनी हॉल उघडून दिला आणि ते घाईने जिना उतरू लागले. नीलाबाईंनी कपाट उघडलं. आत पेटी नव्हती.

"काका! पेटी कुठाय?"

काका पायरीवरच थबकले. मंडळीचे पुढारी असल्यामुळे त्यांना खोटं बोलता येईना. "पेटी ना? जितं असंल तितं प्रभूच्या नजरंखाली हाय," म्हणून ते सटकले.

नीलाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. पण त्यांचंही एक गुपित होतं. काशीबाईंची प्रार्थनेची वही फाटली होती, तिच्यावर हळदीचे डाग होते. ती त्यांनी त्याच कपाटातून हळूच पिशवीत टाकली. नव्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायची, असा त्यांचा बेत होता. घरी लिहायला बसल्या आणि तिसऱ्या पानावर अडखळल्या. 'नीलाबाईचं तोंड गोड व्हावं म्हणून.' हीच विनंती पुढे सलग अकरा आठवडे होती. दर आठवड्याला तिच्याखाली रेघ. नीलाबाईंनी दात-ओठ खात तीही उतरवली, सुवाच्य अक्षरात.

गुरुवारी बायकांच्या सभेत काशीबाईंनी वहीसाठी कपाटात हात घातला, तर वही गायब. कुणाचा नवरा पितो, कुणाची सून बोलत नाही, सगळं त्या वहीत होतं. "वही घरी रायली," असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. मनात मात्र हिशोब केला. बुधवारी हॉलमध्ये कोण आलं होतं? नीला. आणि तिला दार उघडून कुणी दिलं? धोंडूभाऊनी. कुठेतरी पाणी मुरत होतं. तरी पास्टरांना दिलेला शब्द पाळायलाच हवा होता. हॉलचं कुलूप गंजलं होतं. ते उघडताना धोंडूकाकांच्या तोंडून रविवारी येऊ नयेत असे शब्द येत. शुक्रवारी काशीबाईंनी मिस्त्री आणून ते कापलं आणि नवं लावलं.

शनिवारी दुपारी काका पेटी खांद्यावर घेऊन जिना चढले. किल्ली कुलपात जाईना. त्यांनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. कुलूपच वेगळं होतं.

"माला काडला!" ते मटकन पायरीवर बसले. "बारा वर्सां सेवा केली, न कुलूप बदलून काडला!"

एवढ्यात झाडलोटीच्या निमित्ताने नीलाबाई वर आल्या. "अच्छा! म्हणजे पेटी तुम्ही पळवलीत!"

"पलवली नाय. आनलीय."

"कुठून?"

"ते सांगू शकत नाय."

मागोमाग काशीबाई आल्या. नीलाबाईंच्या पिशवीतून हळदीचे डाग डोकावत होते. "माजी वही! चोरून वाचलीस गो?"

"वाचली. अकरा वेळा वाचली," नीलाबाई म्हणाल्या. "आणि तुमच्या हातात ती किल्ली कसली?"

काशीबाईंनी किल्ली पदराआड केली. "सांगू नको म्हनून सांगितलाय."

"कुणी?" नीलाबाईंनी विचारलं. काका पायरीवरून उठले. "खरंच, कुनी गो?"

"पास्टरांनी!"

मग काका हळूच म्हणाले, "माला पन."

"मलाही," नीलाबाई म्हणाल्या.

सगळा उलगडा झाल्यावर काका खुदकन हसले. काशीबाईंनी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. कुलूप एका फटक्यात उघडलं आणि काकांच्या तोंडून 'आमेन' निघालं. नीलाबाईंनी पेटीवरून बोटं फिरवली, एकही पट्टी अडकली नाही. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "काशीबाई, अक्षर बघा तरी नव्या वहीतलं."

"झ्याक हाय गो." काशीबाईंनी पानं उलटली आणि मध्येच थांबल्या. "पन तिघांना येगयेगला का बोलावला त्यानी?"

काकांचं हसू मावळलं. "आनि बायकोला पन सांगू नको म्हनाले."

"आपण एकत्र बसलो तर काय बिघडणार होतं त्यांचं?" नीलाबाई म्हणाल्या.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. नाताळापासून पहिल्यांदाच तिघांच्या मनात एकच विचार आला.

अर्ध्या तासाने ते पास्टरांच्या दारात उभे राहिले. तिघांना एकत्र पाहून पास्टरांना भरून आलं. "प्रभूची स्तुती असो! या, बसा!"

"बसत नाय," काका म्हणाले. "ठराव झालाय. एकमतानं."

"एकमताने?" पास्टरांनी हात जोडले.

"हो," नीलाबाईंनी कागद वाचला. "यापुढे पास्टरांनी कुणाही एकाशी एकट्याने बोलू नये. जे असेल ते तिघांसमोर. आणि पुढच्या शिबिराला तिघांपैकी एक जण सोबत येईल."

"लक्ष ठेवायला," काशीबाईंनी पुस्ती जोडली.

पास्टरांनी मुकाट्याने सही केली. तिघं खाली उतरल्यावर त्यांची बायको मानसी बाहेर आली. "काय झालं?"

"मंडळीचे पुढारी एक झाले."

"मग तोंड असं का?"

खालून हसण्याचा आवाज आला. काशीबाई काहीतरी सांगत होत्या आणि नीलाबाई "अगदी बरोबर" म्हणत होत्या. पास्टर दबक्या पावलांनी खिडकीपाशी गेले, पंखा बंद केला आणि गजांना कान लावून उभे राहिले.