दस्तगीरभाईंच्या मडक्यातली माती

आमचे शेजारी दस्तगीरभाई न विचारता लोकांच्या शेतात शिरतात आणि एक रोप उपटतात. मालक ओरडला तर शांतपणे म्हणतात, "गड्या, वरचं पान समदीच बघत्यात. मी तळघर बघतो." मग मुळावरची बारीक गाठ नखाने फोडतात. आत गुलाबी निघाली की खूश. पांढरी निघाली की मालकाच्या खांद्यावर हात ठेवतात, जणू त्याच्या घरी कुणी आजारी आहे.

मुलांनो, हरभऱ्यासारख्या कडधान्यांच्या मुळांवरच्या त्या गाठींत जिवाणू राहतात; आत गुलाबी म्हणजे ते कामाला लागलेले. ते हवेतला नत्र पिकाला देतात, पीक त्यांना साखर देतं. हे मी शाळेत जन्मभर शिकवलं, पण गाठ कधी फोडली नव्हती. भाईंना तसं सांगितलं, तर म्हणाले, "मंजी बाई, पत्ता तुमास्नी पाठ, पर घरी कवा गेला न्हाई."

त्यांच्याकडे एक मडकं होतं, मातीने भरलेलं. सावलीत, ओल्या फडक्याखाली. यंदा त्यांनी खंडाळ्याजवळ मुरमाड तुकडा घेतला. तिथे हे जिवाणू नव्हते, मडक्यात होते; म्हणून गुळाच्या पाण्यात ती माती कालवून हरभऱ्याच्या बियाण्याला चोळायची होती. पेरणीआधी ते लेकीकडे माधवनगरला गेले आणि मडकं माझ्याकडे ठेवलं. "फडकं तेवढं वाळू देऊ नका."

तुमची आजी तुम्हाला ठाऊक आहे. मातीला कुबट वास आला, म्हणून मी ती गच्चीत कुरडयांसारखी पसरली. दोन दिवस कडक ऊन दाखवलं, चाळली, बरणीत भरली आणि वर नावाची चिठ्ठी लावली.

परत आल्यावर बरणी पाहून भाई पायरीवर बसले.

"लय स्वच्छ केलं तुमी, बाई."

"काही बिघडलं का?"

"उन्हानं मरत्यात ती."

"मग जिवाणूंचं पाकीट मिळतं ना. मी आणते शिरवळहून."

"आना की. पर त्यात हाजराच्या रानातली नसत्यात."

हाजराबी त्यांची बायको. ती गेली, मग शिरवळजवळचं तिचं हरभऱ्याचं रानही गेलं. तिथे आता कारखान्याची शेड आहे. जमीन सपाट व्हायच्या आदल्या दिवशी भाईंनी तिथून एवढं मडकंच आणलं होतं.

पाकीट त्यांनी घेतलं नाही. बरणीतलीच माती चोळून पेरलं. ओल कमी पडली, रोपं पिवळी दिसू लागली. मी रोज संध्याकाळी बांधापर्यंत जायचे आणि काही न विचारता परत यायचे.

महिन्याने त्यांनी मला आत बोलावलं आणि एक रोप उपटून हातात दिलं.

"आज तुमी फोडा."

मुळावर मोजून तीन गाठी होत्या. मी नख लावलं. आत गुलाबी.

भाईंनी वाकून माझ्या नखाकडे पाहिलं. "चिवट हाय," म्हणाले, "तिच्यावानीच." मग रोपाच्या खळग्यातली माती ओंजळीत घेतली. "मडकं आना, बाई. बरणी नगं."

मडकं माझ्याकडेच राहिलं होतं, ते मी घरून आणलं. त्यांनी तोंडावरचं फडकं काढलं, बोटांनी चाचपलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"रिकाम्या मडक्यावर वलं फडकं?"

"तुम्ही वाळू देऊ नका म्हणाला होतात," मी म्हटलं.