मिरचीचा खकाणा

बुचं कमी पडली आणि विद्याधर नेरूरकर रडला.

अंधेरीच्या एका औषधांच्या कारखान्यात तो उत्पादनप्रमुख होता. खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या भरून तयार आणि त्यांना लावायला बुचं नाहीत, असं तिथं अधूनमधून व्हायचंच. मग विद्याधर कुणाला तरी फोन करायचा, कुणाला तरी झापायचा आणि संध्याकाळच्या आत कुठून तरी बुचं पैदा करायचा. त्या दिवशीही तो झापायलाच उभा राहिला होता. तोंड उघडलं, पण शब्दांऐवजी हुंदका आला आणि सगळ्या खातेप्रमुखांसमोर हा तालेवार माणूस ढसाढसा रडायला लागला. कुणीतरी पंख्याचा वेग वाढवला. त्याहून जास्त काय करावं, हे कुणालाच सुचलं नाही.

मालक धुरंधरसाहेब त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "महिनाभर घरी बसा, नेरूरकर. वर्क्स मॅनेजरच्या जागेचं मग बघू."

ती जागा विद्याधरला मिळणार हे वर्षभर ठरल्यासारखंच होतं. त्यामुळे घरी येताना त्याच्या डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, फक्त "मग बघू" होतं.

तो चकाल्याच्या गावठाणात क्लारामावशीच्या घरी भाड्यानं राहायचा. मावशीचा भाचा ज्युलियस डॉक्टर होता. त्यानं छाती तपासली, जीभ पाहिली, डोळ्यांखालची वर्तुळं पाहिली आणि बॅग बंद केली.

"काही झालेलं नाही. दमलात. लय दमलात."

"मग औषध?"

"आरामखुर्ची."

"आणि?"

"आणि तिच्यात बसायचं. कामाचं नाव काढायचं नाही."

विद्याधरच्या बायकोनं, सुगंधानं, त्याच दिवशी ओटीवर आरामखुर्ची मांडली. विद्याधर तिच्यात बसला. पण बसावं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, जणू आत्ता कुणीतरी मुलाखतीला बोलावणार आहे. आपण नसताना कारखाना बंद पडला तर, याची त्याला काळजी वाटे. आणि नाही पडला तर, याची त्याहून जास्त.

नेमके ते मसाल्याचे दिवस होते. क्लारामावशी दर उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करी आणि बियरच्या जुन्या तपकिरी बाटल्यांत ठासून ठेवी. चटयांवर मिरच्या वाळल्या, अंगणात लाकडी उखळं आली आणि कांडपाच्या बायका आल्या. नाकाला फडकी बांधून त्या मुसळं घालू लागल्या. मिरचीचा खकाणा उडाला, की घरादाराच्या डोळ्यांना धार लागायची.

बायका गात कांडायच्या. त्यांची म्होरकी मालन कडवं सांगायची, बाकीच्या उचलून धरायच्या. कडवं संपलं की मुसळं थांबायची. ज्या बाईच्या सासूवर ते कडवं असेल तिची जरा चेष्टा व्हायची, घाम पुसला जायचा, पाणी प्यायलं जायचं आणि मग पुढचं कडवं. विद्याधरनं हे एक दिवस सहन केलं, दुसऱ्या दिवशीही केलं. तिसऱ्या दिवशी तो उठला.

"मावशी, ह्यांचा अर्धा वेळ नुसता थांबण्यात जातो!"

"मग काय झालं? मसाला काय पलून जातंय?"

"गाणं बंद करून बघा. मी ताल देतो, त्या तालावर कांडायचं."

त्यानं स्वयंपाकघरातून थाळी आणि पळी आणली. टण्, टण्, टण्! मालननं आधी थाळीकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"साहेब, गाणं नाय तर हात कसा चालंल?"

"चालेल. बघच तू."

आणि खरंच चालला. एरवी दोन दिवस पुरायचं ते कांडण त्या दुपारीच आटोपलं. क्लारामावशीनं तोंडात बोट घातलं. "जादू केलीस रे बाला!" असं म्हणून तिनं विद्याधरला केकचा तुकडा कापून दिला. कित्येक महिन्यांत त्याला घास गोड लागला नव्हता, तो लागला.

इथंच थांबलं असतं तर ही गोष्टच झाली नसती. पण गावठाणात बातमीला पाय लागतात. शेजारणी आपापल्या मिरच्यांची पोती घेऊन मावशीच्या दारात उभ्या राहिल्या. मावशीनं कुणाला नाही म्हटलं नाही. आधी आळीचा मसाला आला, मग मरोळच्या नातेवाइकांचा, मग पलीकडच्या वाडीतल्या दोन लग्नघरांचा. विद्याधर खुर्चीत बसून बेत आखायचा. भाजणं कुठं, कांडणं कुठं, चाळणं कुठं. थाळी वाजवायला मावशी.

"अहो, डॉक्टरांनी काम नको म्हटलंय ना?" सुगंधा म्हणाली.

"मी बसूनच असतो की! फक्त बोलतो."

"कारखान्यात तरी दुसरं काय करत होतात?"

विद्याधरनं मावशीला थाळीचा ताल जरा वाढवायला सांगितलं. आपण बरे झालो अशी त्याची खात्री होती. डोळ्यांत चमक आली होती, भूक लागत होती. झोप मात्र अजून येत नव्हती, पण कामाच्या माणसाला झोप हवी कशाला?

क्लारामावशीचं मात्र दुसरंच सुरू झालं. संध्याकाळी गावठाणातल्या क्रुसापाशी प्रार्थनेला न चुकता जाणारी ही बाई आता तिकडे फिरकेना. कोंबड्यांची अंडी खुराड्यात तशीच राहू लागली. जेवताना तिचा डावा हात टेबलावर ताल धरायचा. मालन जरा थांबली की मावशी खेकसायची. आयुष्यात ती कधी कुणावर खेकसली नव्हती. अंगणात आता कुणी हसत नव्हतं. नुसती थाळी वाजत होती.

आणि एका दुपारी, लग्नघराच्या बाटल्या भरून रांगेनं उभ्या असताना, सुगंधा आतून म्हणाली, "मावशी, बुचं कमी पडलीत हो."

थाळी थांबली. क्लारामावशीनं बाटल्यांकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तिचा चेहराच वाकडा झाला. ती तिथंच चटईवर मटकन बसली आणि लहान पोरीसारखी रडायला लागली.

"काय नाय, काय नाय," ती पदरानं डोळे पुसत म्हणत होती, "खकाणा गेला डोल्यात."

विद्याधर खुर्चीतून उठला तो उभाच राहिला. हे रडणं त्याच्या ओळखीचं होतं. ते बुचांसाठी नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. आपण आपलं दुखणं बरं केलं नव्हतं, अंगणात उतरून या बिचारीच्या अंगाला लावलं होतं. तो तिच्याशेजारी चटईवर बसला. म्हणाला, "रडा, मावशी. मला कुणी रडू दिलं नव्हतं. पंखा वाढवला."

ज्युलियसनं येऊन मावशीला तपासलं, जीभ पाहिली आणि बॅग बंद केली.

"मावशी, आरामखुर्ची."

"ती यानं अडवलीय!"

मग मावशी खुर्चीत आणि विद्याधर पायरीवर, अशी वाटणी झाली.

मालननं विचारलं, "आता कांडायचं कसं?"

विद्याधरनं थाळी सुगंधाच्या हातात दिली. "आधी कांडत होता तसं."

मालननं नाकाचं फडकं नीट केलं आणि कडवं उचललं. मुसळं संथ पडू लागली. कडवं संपलं, मुसळं थांबली आणि अंगणात पुष्कळ दिवसांनी खसखस पिकली. त्या कडव्यात या खेपेला सासू नव्हती, थाळी बडवणारा साहेब होता. सगळ्यांत मोठ्यांदा मावशी हसली. पुढचं कडवं सुरू होईपर्यंत विद्याधर खांबाला डोकं टेकून झोपला होता. सुगंधानं हळूच त्याच्या मानेमागे उशी सरकवली आणि बराच वेळ ती तिथंच बसून राहिली. हा माणूस असा झोपलेला तिनं कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी धुरंधरसाहेब स्वतः आले. मोटार गावठाणात शिरेना, म्हणून चालत आले. विद्याधर पायरीवर बसून शेंगा सोलत होता.

"नेरूरकर, बरे दिसता. उद्यापासून या. वर्क्स मॅनेजरची जागा तुमचीच. तुम्ही गेल्यापासून तुमचं सगळं मीच बघतोय."

वर्षभर ज्याची वाट पाहिली ते वाक्य असं दारात आलं होतं. विद्याधरच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"बसा तर आधी, साहेब. कसं चाललंय तिकडे?"

"उत्तम," साहेब म्हणाले. "अगदी उत्तम. फक्त काल पुन्हा ती... ती बुचं..."

साहेबांची हनुवटी थरथरली. त्यांनी घाईघाईनं रुमाल काढून डोळ्यांना लावला.

"फार खकाणा आहे हो तुमच्याकडे मिरचीचा," ते कसंबसं म्हणाले.

सुगंधानं अंगणाकडे पाहिलं. रविवार होता, कांडप नव्हतं. उखळं धुऊन पालथी घातलेली होती आणि हवा स्वच्छ होती.

"हो ना, फारच आहे," विद्याधर म्हणाला.

क्लारामावशी आरामखुर्चीतून उठली, पदरानं खुर्ची झटकली आणि साहेबांसमोर आणून ठेवली.