पुढची सीट बुटांची

गोरेगावहून सेनगावला जाणाऱ्या जीपमध्ये माणसं कशी बसतात हे सांगायला नको. जागा संपली की बसत नाहीत, लटकतात. पण आमच्या गजूभाऊच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची सीट कायम बुटांची. धुतलेला टॉवेल अंथरलेला, त्यावर पांढरेशुभ्र बूट ऐटीत बसलेले, आणि मागं एखादी म्हातारी गुडघे पोटाशी घेऊन देवाचं नाव घेत असते. तिनं पुढं बसू का विचारलं की गजूभाऊ अदबीनं सांगतो, "मावशी, ती बुक हाय."

गाडी तो अनवाणी चालवतो. क्लच दाबला की बुटाला सुरकुती पडते म्हणे. सेनगावात उतरला की बूट चढवतो, हॉटेलापर्यंत चालतो, चहा पितो आणि परत येऊन काढून ठेवतो. एवढ्यासाठी ते बूट चीनमधून येतात.

माझं स्टँडवरच फोटो आणि झेरॉक्सचं दुकान आहे. गजूभाऊचा मोबाईलवरचा सगळा इंग्रजी कारभार माझ्या गळ्यात, त्यामुळं ही भानगड मला पाठ झालीय. तिकडं त्याचा एक एजंट आहे. आपण मोठ्या कंपनीच्या बुटाचा फोटो पाठवायचा. एजंट तसाच हुबेहूब नकली जोड शोधून गोदामात आणतो आणि चारी बाजूंनी फोटो काढून पाठवतो. आपण हो म्हटलं की पार्सल निघतं, नाही म्हटलं की जोड माघारी. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, फक्त वाळा इथं पायात. पण 'नकली' हा शब्द गजूभाऊसमोर काढायची सोय नाही. "कॉपी कॉपीत फरक ऱ्हातो," म्हणतो, आणि फरक दाखवत बसतो. तोवर माझं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं.

त्याची तपासणी एकदा पाहाच. शिवण तिरकी, नापास. जीभ आखूड, नापास. एकदा तर नाडीच्या भोकावरून जोड माघारी धाडला. मी विचारलं, बाबा रे, मूळ बूट तू जन्मात पाहिलाय का? तर म्हणे, त्याची काय गरज, खोट काढायला नजर लागते. ही नजर त्याला कुठून आली, ते मात्र मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

गजूभाऊचा बायोडाटा माझ्याच दुकानात छापला जातो. माणसानं चाळिशी कधीच ओलांडली, बायोडाटा अजून पस्तिशीत आहे. फोटो मीच काढलेला. रंग जरा उजळ केला, मागं सरकलेलं कपाळ केस लावून पुढं आणलं. तसं पाहिलं तर तीही कॉपीच. तो फोटो जिल्हाभर फिरला आणि जिथं गेला तिथून माघारी आला. कोणाला नोकरीवाला पाहिजे, कोणाला पुण्यात फ्लॅट. बाकीचे नुसतं 'कळवतो' म्हणतात. 'कळवतो' म्हणजे नाही, हे आमच्याकडं लेकरालाही कळतं. गजूभाऊ तरी आठ-आठ दिवस फोन खिशात ठेवत नाही, हातात धरून फिरतो.

या उन्हाळ्यात नरसीचं एक स्थळ आलं. फोटो पाहूनसुद्धा त्यांनी 'या' म्हटलं, हे नवल. गजूभाऊनं खास त्या दिवसासाठी नवा जोड मागवला. एकामागून एक जोड नापास करत शेवटी एक पसंत केला. जाताना मला सोबत घेतलं. मी मागं बसलो, बूट पुढं.

दारासमोर त्यानं बूट घातले, नाड्या आवळल्या, रुमालानं टोकं पुसली. मुलीचे वडील म्हणाले, या, आत या. आणि गजूभाऊनं उंबऱ्याबाहेर बूट काढले. घरात बूट घालून जात नाहीत, हे इतके दिवस त्या शहाण्याला सुचलं नाही, आणि खरं सांगू, मलाही नाही. पोह्यांच्या बशीपुढं बसला तेव्हा मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. मुलीच्या मामानं विचारलं, जीप स्वतःची का? "व्हय. हप्ते बी माझेच हाईत," गजूभाऊ म्हणाला. कोणी हसलं नाही. मुलगी अंगठ्याकडं पाहत होती.

निघताना वडिलांनी हात जोडले. "कळवतो," म्हणाले.

पुढं किती तरी दिवस तो फोन हातात घेऊन हिंडला. मग एका दुपारी दुकानात आला. एजंटानं आणखी एका जोडाचे फोटो पाठवले होते. या वेळी खोट काढायला नजर लागतच नव्हती. डाव्या बुटाच्या कडेला गोंदाचा हा एवढा पिवळा डाग. मी आपणहूनच 'नाही' लिहायला घेतलं, तर त्यानं माझा हात धरला.

"राहू दे. पाठव म्हणून लिही."

"गजू, डाग हाय. लांबून दिसून राहिला."

"दिसू दे. चालायला काय करतो डाग? फोटो पाहून न्हाई म्हणलं की कसं लागतं, आपल्याला ठाऊक हाय."

बुटाला काय लागतं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. एरवी मी सोडलं नसतं. पण त्याच्या तोंडाकडं पाहिलं. मी 'पाठवा' लिहिलं.

तो डागाचा जोड आता गजूभाऊच्या पायात असतो. क्लच दाबतो, सुरकुत्या पडतात, चिखल लागतो, त्याला काही वाटत नाही. पांढरे बूट घरी खोक्यात गेले. पुढच्या सीटवर टॉवेल मात्र रोज धुऊन अंथरलेला असतो.

परवा एक म्हातारी त्याला म्हणाली की, बाबा, आता तर बूट बी न्हाईत, बसू का पुढं? गजूभाऊनं टॉवेलाची घडी सारखी केली.

"मावशी," तो म्हणाला, "ती बुक हाय."